बायबलात वारलेले पणजोबा जनगणनेत जिवंत

पत्र:

ताई, नमस्कार. माझं माहेर सांगलीचं, सासर स्कॉटलंडमधलं. आम्ही ग्लासगोजवळ ईस्ट किलब्राइडला राहतो. नवऱ्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोळशाच्या खाणीत काम केलेली माणसं. सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे घरातलं जुनं बायबल आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवलेले आहेत. त्यात त्यांचे पणजोबा १८४८मध्ये कोटब्रिजला जन्मले, १८७१मध्ये त्यांचं लग्न झालं आणि ऑक्टोबर १८७७मध्ये ब्लँटायरच्या खाणीतल्या स्फोटात ते गेले, असं आहे. सासूबाई दर ऑक्टोबरात तिथल्या स्मारकाशी फुलं ठेवून येतात.

मी हौसेने कागद शोधायला बसले आणि सगळा घोळ झाला. १८८१च्या जनगणनेत हेच गृहस्थ जिवंत! वय ३६, जन्मगाव ओल्ड मंकलंड, बायकोचं नाव जेसी (बायबलात जॅनेट आहे). लग्नाची नोंद मिळाली ती १८७३ची, तिथे वय २६. मृत्यूची नोंद १८८४ची, वय ३८, खाणीत छताचा दगड पडून. या शेवटच्या दोन नोंदींत त्यांच्या आईचं माहेरचं आडनावही वेगवेगळं आहे. सासूबाईंच्या आजोबांचा, म्हणजे यांच्या थोरल्या मुलाचा, जन्म बायबलात १८७२चा, पण ती नोंद कुठेच सापडत नाही. त्यात कॅनडातल्या एका चुलत दिरांनी इंटरनेटवर वंशवृक्ष टाकलाय. ते ब्लँटायरला गेलेला माणूस धरून थेट आयर्लंडपर्यंत पोचलेत. खरं काय मानू? आणि सासूबाईंना यातलं काही सांगू की नको? हाती आलेल्या प्रती सोबत पाठवते आहे.

एक सून, ईस्ट किलब्राइड

उत्तर:

तुम्ही पाठवलेल्या प्रती नीट पाहिल्या. माझं मत आधीच सांगून टाकते. १८७३ला लग्न केलेला, १८८१ला जनगणनेत सापडलेला आणि १८८४ला खाणीत गेलेला माणूस एकच आहे आणि तोच सासूबाईंचा पणजोबा असावा. ब्लँटायरच्या स्फोटात त्या नावाचा कुणी गेला असेल, तर तो बहुधा दुसरा. हे अजून सिद्ध व्हायचंय, पण त्यासाठी लागणारे कागद थोडे आहेत आणि बरेचसे घरबसल्या मिळतील.

कुठलीही नोंद हातात आली की तिला तीन प्रश्न विचारायचे. माहिती कुणी दिली? घटनेनंतर किती काळाने दिली? आणि देणाऱ्याला ती स्वतःला ठाऊक होती की ऐकून? सरकारी शिक्का असलेला कागद खरा आणि घरातली वही खोटी, किंवा याच्या उलट, असं सरसकट धरलं की फसायला होतं. एकाच मृत्यूच्या नोंदीत मृत्यूची तारीख अगदी पक्की असते आणि मयताच्या आईचं नाव साफ चुकीचं असू शकतं. म्हणून कागद पूर्ण स्वीकारू नका आणि पूर्ण फेकूही नका. त्यातला एकेक रकाना वेगळा तपासा.

वयाचा घोळ सगळ्यात आधी निकालात काढू. बायबलावरून जन्म १८४८, लग्नाच्या नोंदीवरून १८४७च्या आसपास, मृत्यूच्या नोंदीवरून १८४६, जनगणनेवरून १८४४-४५. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. तिथेही वय असंच, विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या सोयीनं ठरायचं. खाणवाल्यांच्या घरात आणखी एक कारण असायचं. १८४२च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना (आणि कुठल्याही वयाच्या बायका-मुलींना) जमिनीखाली कामावर घ्यायला बंदी आली. घरात खाणारी तोंडं जास्त असली की आठ-नऊ वर्षांच्या पोराला बाप दहाचा सांगणारच. एकदा वाढवलेलं वय मग तसंच चालू राहायचं. चार वर्षांच्या फरकाने माणूस वेगळा ठरत नाही. तुमच्या टिपणात ‘जन्म १८४४ ते १८४८च्या दरम्यान’ एवढंच लिहा. या पणजोबांचे वडील शोधायला १८४१च्या जनगणनेत जाल तेव्हा हेही ध्यानात असू द्या, की तिथे पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. म्हणजे २९ वर्षांचा माणूस तिथे २५चा दिसू शकतो.

गावाच्या बाबतीत तर भांडण नाहीच. कोटब्रिज हे ओल्ड मंकलंड नावाच्या पॅरिशमधलं (म्हणजे एका चर्चच्या हद्दीवरून पडलेल्या कारभाराच्या विभागातलं) गाव. लोखंडाच्या भट्ट्यांभोवती लँगलोन, गार्टशेरीसारख्या वस्त्या वाढत गेल्या आणि त्यांचं मिळून शहर झालं. कोटब्रिजला बरोचा, म्हणजे स्वतःचा कारभार असलेल्या शहराचा, दर्जा मिळाला तो १८८५मध्ये. तेव्हा एका जनगणनेत ‘ओल्ड मंकलंड’, दुसऱ्या कागदावर ‘कोटब्रिज’, तिसऱ्यावर ‘लँगलोन’ असं आलं तरी दचकू नका. ‘न्यू मंकलंड’ दिसलं तर मात्र थांबा. ती शेजारची वेगळी पॅरिश, एअर्ड्रीची.

जेसी आणि जॅनेटचंही तसंच. स्कॉटलंडमध्ये जॅनेटला घरात जेसी किंवा जेनी म्हणायची जुनीच रीत आहे आणि जनगणनेच्या माणसाने दारात जे ऐकलं ते लिहिलं. डोनाल्डचा डॅनियल आणि पॅट्रिकचा पीटर झालेलाही सापडेल. अ‍ॅग्नेसची तर अक्षरं उलटी करून ‘सेंगा’ नाव पाडलेलं आहे, त्यामुळे असल्या बाबतीत स्कॉटिश माणसं काय करतील याचा नेम नाही. जॅनेटच्या बाबतीत तुमच्या फायद्याची एक गोष्ट अशी, की तिथल्या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही पुसलं जात नाही. तिच्या मृत्यूची नोंद सासर-माहेर दोन्ही आडनावांखाली शोधा.

आता आईचं आडनाव. हा या सगळ्यातला मला आवडलेला भाग आहे.

स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५पासून सक्तीची झाली. इंग्लंडमध्ये ती त्याआधीच सुरू झाली होती, पण वंशावळ शोधणाऱ्याने स्कॉटलंडचेच आभार मानावेत. इथल्या मृत्यूच्या नोंदीत मयताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. इंग्लंडच्या त्या काळातल्या नोंदीत प्रौढ माणसाच्या आईबापांचा पत्ताच नसतो. लग्नाच्या नोंदीत तर वर आणि वधू दोघांच्याही आईवडिलांची नावं येतात.

लग्नाच्या वेळी माहिती देणारा स्वतः नवरदेव होता. स्वतःच्या आईचं माहेर त्याला ठाऊक असणारच. १८८४ला तो गेल्यावर मात्र रजिस्ट्रारकडे दुसरं कुणीतरी गेलं. तुमच्या प्रतीत सहीच्या रकान्यात एक फुली आहे आणि तिच्याजवळ नातं लिहिलंय ‘ब्रदर-इन-लॉ’. हा बहिणीचा नवरा की बायकोचा भाऊ, हे त्या शब्दावरून कळत नाही, पण आडनावावरून कळतं. ते जॅनेटच्या माहेरचं आहे. म्हणजे मेव्हणा, बायकोचा भाऊ. आता १८७३ची लग्नाची नोंद पुन्हा उघडा आणि वराच्या बाजूऐवजी वधूच्या आईचं माहेरचं आडनाव वाचा. १८८४च्या नोंदीत पणजोबांची आई म्हणून जे आडनाव पडलंय, तेच तिथे वधूच्या आईचं आहे.

काय झालं असेल हे डोळ्यासमोर आणायला कष्ट पडत नाहीत. कालच मेव्हण्याचं प्रेत खाणीतून वर काढलेलं. लिहिता-वाचता न येणारा माणूस सरकारी टेबलापुढे उभा. रजिस्ट्रार विचारतो, ‘आईचं माहेरचं आडनाव?’ आणि तो स्वतःच्या आईचं सांगून मोकळा होतो. असली गल्लत या नोंदींत वारंवार भेटते. तेव्हा आईच्या नावापुरतं १८७३चं धरा, १८८४चं सोडा.

तरीही एका कागदावर विसंबू नका. पणजोबांच्या सख्ख्या भावाबहिणींची लग्नं आणि मृत्यू शोधा. त्या प्रत्येक नोंदीत त्याच आईचं नाव यायला हवं. आई स्वतः १८५५नंतर वारली असेल तर तिचीही नोंद आहेच. आणि यांचं एखादं धाकटं भावंड १८५५ या एकाच वर्षी जन्मलं असेल तर तुमची चांदी झाली म्हणून समजा. त्या पहिल्या वर्षाच्या जन्मनोंदीत आईवडिलांची वयं, दोघांची जन्मगावं, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, एवढं सगळं विचारलं होतं. रजिस्ट्रार इतके टेकीला आले की पुढच्याच वर्षी बरेच रकाने गाळले गेले. आईवडिलांच्या लग्नाची तारीख जन्मनोंदीत परत आली ती १८६१पासून.

ही १८६१ची गोष्ट तुमच्या पुढच्या कोड्यात कामाची आहे. सासूबाईंच्या आजोबांचा १८७२चा जन्म सापडत नाही, कारण तुम्ही तो बापाच्या आडनावाखाली शोधताय. आईच्या माहेरच्या आडनावाखाली शोधून बघा. लग्न १८७३चं आणि मूल १८७२चं, म्हणजे जन्माच्या वेळी रजिस्ट्रारच्या लेखी आई अविवाहित होती. अशा मुलाची नोंद आईच्या आडनावाने व्हायची आणि नावाखाली अनौरस असल्याचा शेरा पडायचा. बापाने स्वतः आईबरोबर येऊन सही केली तरच त्याचं नाव लागायचं. नोंद सापडली आणि त्यात बापाचा रकाना रिकामा दिसला, तर समासात काही खूण आहे का ते पाहा. शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायाधीशाच्या, कोर्टात पितृत्वाचा दावा लागला असेल तर त्याचा हवाला दुरुस्त्यांच्या वेगळ्या रजिस्टरात मिळतो.

हे वाचून तुम्ही अवघडणार हे मला इथे बसून दिसतंय. अवघडू नका. १८६०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये जन्मणाऱ्या मुलांपैकी साधारण दहातलं एक लग्नाबाहेरचं नोंदलेलं आहे. शिवाय स्कॉटिश कायद्यानुसार आईवडिलांनी पुढे लग्न केलं की आधी झालेलं मूल आपोआप औरस ठरायचं. इंग्लंडला ही सोय व्हायला १९२६ उजाडावं लागलं. १८८१च्या जनगणनेत हा मुलगा आठ वर्षांचा, बापाच्या आडनावाने, भावंडांत थोरला म्हणून बसलेला आहे. घराने त्याला कधीच वेगळं धरलेलं नाही.

बायबलात लग्नाचं साल १८७१ लिहिणाऱ्याला लगेच खोटारडाही ठरवू नका. दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून मान्य केलं, की पाद्री नसला, चर्च नसलं तरी तेवढ्याने विवाह वैध होण्याची पद्धत स्कॉटलंडमध्ये १९४०पर्यंत कायद्याने चालू होती. साक्षीदार घेऊन शेरीफकडे गेलं तर तो सरकारी रजिस्टरात चढायचा, नाही गेलं तर नाही. या जोडप्याने १८७१ला असंच काही केलं आणि १८७३ला पाद्र्यापुढे उभं राहून कागद पक्का केला, असंही असू शकेल. किंवा पुढे कुणीतरी पोराच्या जन्मसालाकडे बघून लग्न दोन वर्षं मागे नेलं असेल. तुमच्या टिपणात दोन्ही सालं लिहा आणि प्रत्येकापुढे ते कुठून आलं तेही लिहा.

या मुलाची साखळी खालून वर जोडा. सासूबाईंचा स्वतःचा जन्मदाखला घरातल्या कपाटात असेल. त्यांची जन्मनोंद ऑनलाइन दिसणार नाही, कारण जन्माच्या शंभर वर्षांपर्यंतच्या, लग्नाच्या पंच्याहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांपर्यंतच्या नोंदींची छायाचित्रं स्कॉटलंड्स पीपल या सरकारी नोंदींच्या साइटवर उघडत नाहीत. त्यांच्या वडिलांची जन्मनोंद मात्र उघडेल. तिच्यात आजी-आजोबांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण आहे. त्यावरून आजोबांच्या लग्नाची नोंद काढा, आणि तिच्यात आजोबांनी स्वतःचे आईवडील कोण सांगितले ते वाचा. तिथे १८७३चं जोडपं आलं आणि वडिलांच्या नावापुढे खाणकामगार व मयत असं असलं, की मधली कडी बसली. तुम्ही उलटं केलंत, बायबलातलं नाव घेऊन वरून खाली यायला निघालात. खाणपट्ट्यात हे फार धोक्याचं असतं. तिथे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं. मुलींत थोरलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं, अशी नावं ठेवायची पद्धत होती. एका आजोबाला पाच मुलगे असले की पाच घरांत त्याच नावाचे, पाठोपाठच्या वयाचे नातू, आणि सगळेच खाणीत.

कॅनडातले दीर याच सापळ्यात सापडले असावेत.

आता ब्लँटायर. २२ ऑक्टोबर १८७७च्या सकाळी विल्यम डिक्सन कंपनीच्या हाय ब्लँटायरमधल्या खाणीत वायूचा स्फोट झाला आणि २०७ माणसं गेली. स्कॉटलंडच्या खाणींच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही. मेलेल्यांच्या याद्या छापल्या गेलेल्या आहेत, आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, त्या माणसांच्या मृत्यूच्या नोंदीही झालेल्या आहेत. त्यांत बायकोचं आणि आईवडिलांचं नाव असायला हवं. यादीत पणजोबांच्या नावाचा माणूस असेल तर त्याची नोंद विकत घ्या. त्याची बायको जॅनेट नसली आणि आईवडील वेगळे असले, की एका कागदात हा प्रश्न मिटला. दिरांनी तो कागद कधी बघितलेला नाही, अशी मी पैज लावते.

मग बायबलात ब्लँटायर आलं कुठून? इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, बायबलाचं मुखपृष्ठानंतरचं पान, ज्यावर छपाईचं साल असतं. ग्रंथ १८९०चा असेल आणि त्यात १८४८पासूनच्या नोंदी एकाच हाताने, एकाच शाईने ओळीने लिहिलेल्या असतील, तर त्या आठवणीतून उतरवलेल्या आहेत. मग त्यांचा दर्जा वेगळा. प्रत्येक नोंदीची शाई वेगळी, अक्षर बदलत गेलेलं असेल तर त्या त्या वेळी लिहिलेल्या असण्याचा संभव जास्त.

दुसरी गोष्ट तुमच्याच हातात आहे. १८८१च्या पानावर मुलांच्या जन्मगावांचा रकाना वाचा. थोरला मुलगा ओल्ड मंकलंडचा, मधली मुलगी हॅमिल्टनची आणि चार वर्षांची धाकटी ब्लँटायरची. म्हणजे १८७६-७७च्या सुमारास हे कुटुंब ब्लँटायरलाच होतं! खाणवाले एका जागी राहत नसत. घर कंपनीचं, बैठ्या चाळीतलं. काम सुटलं की घर सुटलं, आणि बिऱ्हाड पुढच्या खाणीवर. मुलांच्या जन्मगावांवरून हा प्रवास जितका नेमका कळतो तितका दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. (त्याच पानाच्या कडेला खिडकी असलेल्या खोल्यांची संख्या आहे. तुमच्या कुटुंबापुढे १ आहे. नवरा, बायको, तीन मुलं आणि एक भाडेकरू. तेही वाचून ठेवा.)

स्फोटाच्या वेळी हे कुटुंब तिथे असेल तर त्यांच्या ओळखीची, कदाचित नात्यातली माणसं त्यात गेली असतील. म्हणून यादीत एकच नाव शोधू नका. पणजोबांचं आणि जॅनेटच्या माहेरचं अशी दोन्ही आडनावं शोधा. एखाद्या भावाचं मरण पुढच्या पिढीच्या सांगण्यात बापाच्या नावावर चढलेलं मी पुष्कळ पाहिलंय. शिवाय त्या काळात खाणीत सगळ्यात जास्त माणसं स्फोटांनी मेलेली नाहीत. छताचा किंवा बाजूचा दगड पडून, एकेकटी मेली. त्यांचं स्मारक नाही, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर आल्या. पणजोबा असेच गेले. नातवंडांना ‘आमचे आजोबा खाणीत गेले’ एवढंच कळलं असेल, तर त्यांनी सगळ्यांना माहीत असलेल्या खाणीचं नाव जोडणं स्वाभाविक आहे.

१८८४च्या मृत्यूबद्दल अजून बरंच सापडेल. नोंदीच्या समासात दुरुस्त्यांच्या रजिस्टराचा हवाला आहे का पाहा. अपघाती मृत्यू असला की प्रोक्युरेटर फिस्कल, म्हणजे तिथला सरकारी वकील, चौकशी करायचा आणि मृत्यूचं नेमकं कारण त्या रजिस्टरात चढायचं. ज्युरीसमोरची जाहीर चौकशी मात्र शोधत बसू नका. कामावरच्या मृत्यूसाठी ती सक्तीची झाली १८९५च्या कायद्याने. खाणींच्या सरकारी निरीक्षकांच्या वार्षिक अहवालांत प्राणघातक अपघातांच्या याद्या असतात. तारीख, खाण, माणसाचं नाव, काम, वय आणि काय झालं याची एखादी ओळ. आणि ‘हॅमिल्टन अ‍ॅडव्हर्टायझर’चे त्या आठवड्याचे अंक चाळा. कंपनीच्या नोकरांचं हजेरीपुस्तक शोधण्यात दिवस घालवू नका. १९४७ला खाणी सरकारजमा होण्याआधीच्या खाजगी कंपन्यांचे असे कागद फार क्वचित उरलेत.

याहून मोठं घबाड विधवेच्या कागदात असायची शक्यता आहे. १८८४ला जॅनेटच्या पदरी लहान मुलं, घर कंपनीचं. ब्लँटायरच्या स्फोटानंतर घर न सोडणाऱ्या विधवांना कंपनीने पुढच्याच वर्षी कोर्टात खेचून बाहेर काढलं होतं. इथे एकट्या बाईचं काय चालणार? कामगारांना हक्काची भरपाई देणारा कायदा १८९७चा. म्हणजे तिने पॅरिशकडे मदतीचा अर्ज केला असण्याची दाट शक्यता आहे. १८४५च्या गरीब-कायद्याने प्रत्येक पॅरिशचा निरीक्षक अर्जदाराची जन्मगाव, नवऱ्याचं मरण, मुलांची वयं, आधी कुठे कुठे राहिली, आईवडील कोण, अशी सगळी कुंडली लिहून घ्यायचा. खर्च आपल्या पॅरिशवर पडतो की दुसऱ्यावर ढकलता येतो, हे ठरवायचं असायचं त्याला, म्हणून तो खातरजमाही करायचा. गरिबाची इतकी बारीक चौकशी दयेपोटी कुणी केली नसती, पण आज तुमच्या उपयोगी पडते. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतल्या अभिलेखागारात असे अर्ज लाखांनी आहेत. ती १८८४नंतर कुठल्या पॅरिशमध्ये होती ते १८९१च्या जनगणनेवरून ठरवा. ओल्ड मंकलंडकडे परतली असेल तर उत्तर लॅनार्कशायर कौन्सिलच्या मदरवेलमधल्या अभिलेखागाराला आधी विचारा.

१८५५च्या मागे जायचं असेल तर पॅरिशच्या चर्चने ठेवलेली जुनी रजिस्टरं आहेत, पण ती विरळ असतात. या पणजोबांचा बाप्तिस्मा तिथे नाही मिळाला तर घाबरू नका. १८४३ला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि कितीतरी घरं वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चमध्ये गेली; आयर्लंडहून आलेल्यांचे बाप्तिस्मे कॅथलिक रजिस्टरांत. घराणं आणखी जुनं खाणवालं निघालं तर १६०६च्या कायद्यापर्यंत पोचाल, ज्याने कोळसा काढणाऱ्यांना मालकाच्या खाणीला जखडून टाकलं होतं. त्यातून पूर्ण सुटका १७९९ला झाली. पण ते नंतर.

दिरांना भांडणाचं पत्र लिहू नका. ब्लँटायरच्या माणसाची मृत्युनोंद आणि १८८१चं पान, दोन्ही एकत्र पाठवा आणि ‘यात दोन वेगळी माणसं दिसतात, तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारा. कदाचित ते बदलतील, कदाचित नाही. त्यांचा वृक्ष आणखी चार जणांनी उतरवून घेतला असेल तर चौघांनाही समजावत बसू नका.

राहिल्या सासूबाई. १८८४चं त्यांना जरूर सांगा. पण ‘तुमचं बायबल चुकलं’ या वाक्याने सुरुवात करू नका. आधी त्यांना बोलतं करा आणि परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपून ठेवा. बायबल कुणाच्या हातचं आहे, ब्लँटायरची गोष्ट त्यांना कुणी सांगितली, ती सांगणारी व्यक्ती १८७७ला हयात होती का. हे सगळं तुमच्या शोधाचा रंग लागण्याआधीच नोंदवून घ्यायला हवं, कारण एकदा तुम्ही कागद दाखवलेत की त्यांची आठवण त्या कागदाप्रमाणे वळेल. मग १८८१चं पान दाखवा. पणजोबा आणखी सात वर्षं जगले, त्यांनी धाकटीला चालताना पाहिलं, ही काही वाईट बातमी नाही.

आजोबांच्या जन्माचं आधी नवऱ्याला सांगा आणि आईला कसं सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. सून म्हणून तुम्ही मागे राहिलात तर कमीपणा नाही. माझा अंदाज, सासूबाई हसून सोडून देतील. खाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्या बायका आपण समजतो तितक्या नाजूक नसतात. पण त्यांनी होकार दिल्याशिवाय ती नोंद इंटरनेटवर चढवायची नाही, एवढं पाळा. आणि बायबलात पेनाने एक अक्षरही दुरुस्त करायचं नाही. वेगळ्या कागदावर तारीख घालून, सही करून टिपण लिहा आणि ते आत ठेवा.

सुरुवात दोन खरेद्यांनी करा. सासूबाईंच्या वडिलांची जन्मनोंद आणि यादीत त्याच नावाचा माणूस असेल तर ब्लँटायरला गेलेल्या त्या माणसाची मृत्युनोंद. नोंदीचं पूर्ण पान उतरवून घ्या, नुसती ओळ नको. समास त्यातच असतो. त्या दोन हातात आल्यावर पुन्हा लिहा, आणि बायबलाच्या छपाईचं सालही कळवा.